जादूची निळी भुकटी

अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगाच्या कथा-कादंबऱ्यांमध्ये एक चमत्कारी पदार्थ हमखास भेटतो. दिसायला मोहक आणि हात लावणाऱ्याचा घात करणारा. ही निव्वळ लेखकांची कल्पना, असं आपण म्हणतो. पण ब्राझीलमधल्या एका भंगारवाल्याच्या घरात ही कल्पना १९८७ साली अक्षरशः खरी ठरली. आणि असाच प्रसंग दहा हजार वर्षांनंतरच्या माणसावर येऊ नये म्हणून काय करावं, या प्रश्नाने जगभरातले शास्त्रज्ञ आजही डोकं खाजवताहेत!

१८ सप्टेंबर १९८७ ची रात्र. ब्राझीलमधल्या गोयास राज्याची राजधानी गोयानिया. भंगाराचा धंदा करणारा एक गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये शिरला आणि जागच्या जागी थबकला. त्याच दिवशी विकत घेतलेल्या एका यंत्राच्या तुकड्यातून निळा उजेड येत होता. दिवा नाही, जाळ नाही, विजेची तार नाही आणि तरीही उजेड! गृहस्थ हरखला. आतली वस्तू मौल्यवान असणार, कदाचित या जगातली नसेलही, असं त्याला वाटलं. त्याने ती उचलून घरात आणली.

पुढचे काही दिवस त्या घरात जणू जत्राच भरली. शेजारीपाजारी, मित्र, नातेवाईक सगळे तो उजेड पाहायला येऊ लागले. डबी फोडून आतले कण बाहेर काढण्यात आले. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे हातावर ठेवताच त्यांची भुकटी होई. आल्यागेल्याला ती प्रसादासारखी वाटली गेली. ब्राझील म्हणजे कार्निव्हलचा देश. अंगाला चमचमणारी पूड फासून नाचायची तिथली रीतच. त्यामुळे काहींनी ही भुकटीही अंगाला चोळली. बायकोसाठी तिची अंगठी घडवावी, असाही त्या भंगारवाल्याचा बेत होता म्हणतात.

२४ सप्टेंबरला त्याच्या भावाने थोडी भुकटी स्वतःच्या घरी नेली. जेवणाच्या टेबलावर ती ठेवली गेली. त्याची सहा वर्षांची मुलगी त्या चमकत्या कणांशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली.

ती भुकटी म्हणजे सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचं क्लोराइड होतं. वजन जेमतेम ९३ ग्रॅम. आपल्याकडच्या दोन मुठी साखरेएवढं!

कुलूप नसलेलं दार

ही चीज भंगारात आली कुठून? गोयानियात कॅन्सरवर किरणोपचार करणारी एक खासगी संस्था होती. १९८५ च्या अखेरीस तिने जागा बदलली. जाताना एक जुनं यंत्र मागेच राहिलं. ज्या सरकारी खात्याने त्या यंत्राचा परवाना दिला होता, त्याला ही गोष्ट कळवलीच गेली नाही. पुढे इमारतीचा बराचसा भाग पाडला गेला. दारं-खिडक्या गेल्या आणि यंत्र उघड्यावर पडलं.

१३ सप्टेंबर १९८७ रोजी दोन तरुण तिथे शिरले. पडक्या इमारतीतल्या लोखंडा-शिशाचे चार पैसे मिळतील, एवढाच त्यांचा हिशेब. यंत्राचं जड डोकं त्यांनी सोडवलं, ढकलगाडीत घातलं आणि घरी नेलं. त्याच संध्याकाळी दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. काही तरी वावगं खाण्यात आलं असेल, असं त्यांनाही वाटलं आणि डॉक्टरांनाही. एकाचा हात सुजला. पुढे दुसऱ्याचा हात कोपराखाली कापावा लागला. पण तेव्हा कोणाच्याच डोक्यात शंका आली नाही. यायचं कारणही नव्हतं. पाच दिवसांनी त्यांनी तो तुकडा भंगारवाल्याला विकला आणि गॅरेजमध्ये निळा उजेड पडला.

सगळ्यांत आधी शंका आली ती भंगारवाल्याच्या बायकोला. घरात एकामागून एक माणसं आजारी पडताहेत. उलट्या, जुलाब, त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे. आणि हे सगळं ती चमकणारी वस्तू घरात आल्यापासून! तिने मनाशी गाठ बांधली. २८ सप्टेंबरला दुकानातल्या एका कामगाराला बरोबर घेऊन, त्या वस्तूचे उरलेले अवशेष एका पिशवीत भरून तिने बस पकडली, थेट आरोग्य खात्याचं कार्यालय गाठलं आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. या वस्तूमुळे माझी माणसं मरताहेत, असं तिचं सांगणं होतं.

दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियम शोधण्यासाठी वापरतात तसलं मोजयंत्र उसनं आणलं. कार्यालय अजून बरंच लांब होतं, तोच काटा टोकाला जाऊन चिकटला. यंत्र बिघडलंय असं समजून ते परत गेले आणि दुसरं घेऊन आले. त्याचाही काटा तसाच! ते पोहोचले तेव्हा अग्निशामक दलाचे जवान ती पिशवी उचलून नदीत फेकायच्या बेतात होते. थोडा जरी उशीर झाला असता, तरी नदी बाटली असती.

मग धावपळ उडाली. शहरातल्या स्टेडियममध्ये एक लाख बारा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ते विष सापडलं. चौघांचा बळी गेला. ती सहा वर्षांची चिमुरडी आणि संकट सर्वांत आधी ओळखणारी तिची काकू, दोघींनीही एकाच दिवशी, २३ ऑक्टोबर १९८७ रोजी प्राण सोडला. पुढच्या काही दिवसांत भंगाराच्या दुकानातले दोन तरुण कामगार गेले.

मुलीला शिशाचं अस्तर असलेल्या शवपेटीत दफनासाठी नेलं, तेव्हा आमच्या स्मशानात हे नको म्हणत जमावाने दगडफेक केली. गोयास राज्यातला शेतमाल घ्यायला बाहेरचे लोक कचरू लागले. गोयानियाच्या माणसाला परगावच्या हॉटेलात खोली मिळेना. आधी ज्याला दैवी मानलं, त्याचीच आता भुताखेतासारखी भीती बसली. कुतूहल असो की भीती, अज्ञान दोन्हीकडे सारखंच!

घरं पाडावी लागली, रस्त्यांची माती खरवडावी लागली. असा सुमारे साडेतीन हजार घनमीटर कचरा पिंपांत आणि पेट्यांत भरून शहराबाहेर पुरण्यात आला. मूळ वस्तू होती ९३ ग्रॅम!

या सगळ्यात एक विलक्षण योगायोग आहे. शरीरात गेलेलं सीझियम बाहेर काढण्यासाठी रुग्णांना जे औषध दिलं, त्याचं नाव ‘प्रशियन ब्लू’. चित्रकारांच्या पेटीतला तोच गडद निळा रंग! पोटात गेलेला हा रंग आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि मलावाटे बाहेर नेतो. मारणाराही निळा आणि तारणाराही निळा.

आधी कादंबरी, मग घटना

या घटनेच्या पंधरा वर्षं आधी, म्हणजे १९७२ मध्ये, सोव्हिएत रशियात एक छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली होती. ‘रोडसाइड पिकनिक’. लेखक आर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की हे दोघे भाऊ. परग्रहावरचे कोणी तरी पृथ्वीवर क्षणभर उतरले आणि निघून गेले. जिथे उतरले तो भाग कायमचा शापित झाला. सहलीला आलेली मंडळी जशी रस्त्याकडेला रिकामे डबे, तेल, कागद टाकून जातात, तशा या पाहुण्यांच्या वस्तू तिथे पडून आहेत. त्या कशाच्या आहेत, कशासाठी आहेत, कोणालाच ठाऊक नाही. पण बाजारात त्यांना भाव आहे. म्हणून जिवावर उदार झालेली गरीब माणसं रात्री चोरून आत शिरतात आणि हाती लागेल ते उचलून आणतात. त्यांना म्हणतात ‘स्टॉकर’.

तिथल्या तळघरांत ‘चेटकिणीची जेली’ नावाचा पदार्थ साचलेला असतो. एका स्टॉकरचे पाय त्यात पडतात. हाडं रबरासारखी मऊ होतात आणि दोन्ही पाय कापावे लागतात. कथानायक सहीसलामत परततो खरा, पण त्याची किंमत त्याची लाडकी मुलगी मोजते. ती हळूहळू माणसासारखी राहतच नाही.

पडकी जागा, आत शिरणारी गरजू माणसं, अनोळखी चमत्कारी वस्तू आणि घरातल्या लेकराचा बळी. गोयानियाची हकिगत वाचताना ही कादंबरी आठवल्यावाचून राहत नाही. तारकोव्हस्की या दिग्दर्शकाने १९७९ मध्ये तिच्यावर ‘स्टॉकर’ हा चित्रपट काढला. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तिच्याभोवतीचा मुलूख निर्मनुष्य झाला आणि पुढे तिथे चोरून शिरणाऱ्यांना लोक खरोखरच ‘स्टॉकर’ म्हणू लागले.

अशा कथांची मुळं थेट हिरोशिमापर्यंत जातात. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर आकाशातून पांढरी राख पडली. बोटीवरचे सर्व २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. जपानी लोकांनी तिला नाव दिलं ‘मृत्यूची राख’. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानच्या पडद्यावर गॉडझिला अवतरला.

वॉल्टर मिलर या अमेरिकन लेखकाची १९५९ मधली ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही कादंबरी आणखी पुढे जाते. महायुद्धात जग बेचिराख होऊन सहाशे वर्षं लोटली आहेत. पुस्तकं जळाली, शास्त्रज्ञ मारले गेले. एका मठातले साधू उरलेसुरले कागद देवाच्या पोथ्यांसारखे जपताहेत. त्यांतल्या एका कोवळ्या साधूला जुन्या तळघराच्या दारावर ‘फॉलआउट’ हा शब्द दिसतो आणि त्याला कापरं भरतं. अणुस्फोटानंतर खाली पडणारी विषारी धूळ हा त्या शब्दाचा अर्थ त्याला माहीतच नाही. ‘फॉलआउट’ हा कोणी तरी राक्षस आहे, अशी त्याची समजूत! शब्द टिकला आणि अर्थ मात्र हरवला.

आपल्या रिक्षावरचं ‘रेडियम’

शब्द टिकतो आणि अर्थ हरवतो, याला सहाशे वर्षं लागतात असं मात्र नाही. आपल्याकडच्या कोणत्याही रिक्षा स्टँडवर जाऊन पाहा. नंबर प्लेटवर, मडगार्डवर, मागच्या काचेवर चमकणारी अक्षरं चिकटवून देणाऱ्याला आपण म्हणतो ‘रेडियमवाला’. त्याच्या कागदात रेडियमचा कणसुद्धा नसतो. समोरून येणाऱ्या दिव्याचा उजेड परतवणारा तो साधा चिकट कागद. मग हे नाव आलं कुठून?

मादाम क्यूरी आणि त्यांचे पती पिएर यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावला. अंधारात चमकणारं हे मूलद्रव्य पाहून जग वेडावलं. रेडियम घातलेलं पाणी टॉनिक म्हणून विकलं गेलं. घड्याळाचे काटे आणि आकडे रात्री दिसावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग देऊ लागले. अमेरिकेत हे काम तरुण मुली करत. ब्रशाला बारीक टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. गंमत म्हणून त्या तोच रंग नखांना आणि दातांना लावत. पुढे त्यांचे जबडे सडले, हाडं ठिसूळ झाली, कित्येकींचा जीव गेला. न्यू जर्सीतल्या पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये त्यांना भरपाई मिळाली. खुद्द मादाम क्यूरी १९३४ मध्ये रक्ताच्या विकाराने गेल्या. त्यांच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

त्या घड्याळांबरोबर ‘रेडियम’ हा शब्द घरोघर पोहोचला. विष गेलं, शब्द राहिला आणि रिक्षाच्या मागे जाऊन बसला. आपल्या बाबतीत हे बरंच झालं म्हणायचं. पण उलट घडलं तर? शब्द पुसला गेला आणि विष तेवढं मागे राहिलं तर?

दिल्लीचा धडा

तसंच घडलं, तेही आपल्या राजधानीत. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरी या भंगार बाजारात काही माणसं अचानक आजारी पडली. केस गळू लागले, कातडी काळी पडली. तपास झाला तेव्हा कळलं, की एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं जुनं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. त्यात कोबाल्ट-६० होतं. १९८५ पासून ते यंत्र वापरात नव्हतं. ज्यांना त्याची माहिती होती, ते मधल्या पंचवीस वर्षांत निघून गेले होते. उरली ती एक जड, अडगळीची पेटी.

बाजारात ती फोडली गेली. आतल्या धातूच्या कांड्या इकडेतिकडे झाल्या. एकाने तर तुकडा चक्क पैशांच्या पाकिटात ठेवला. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर सात जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. मुंबईहून भाभा अणुसंशोधन केंद्राचे आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचे तज्ज्ञ धावले आणि दुकानं, गल्ल्या तपासून त्यांनी एकेक तुकडा गोळा केला.

गोयानियात दोन वर्षांत विसर पडला, दिल्लीत पंचवीस वर्षांत. सीझियमचा जोर निम्मा व्हायला तीस वर्षं लागतात, कोबाल्टचा पाच वर्षांहून थोडी जास्त. अण्वस्त्रांच्या कारखान्यातून उरणाऱ्या प्लुटोनियमचा जोर निम्मा व्हायला मात्र लागतात चोवीस हजार वर्षं! तेवढ्या काळात माणसं किती वेळा विसरतील?

दहा हजार वर्षांची पाटी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात जमिनीखाली साधारण साडेसहाशे मीटरवर मिठाचे जाड थर आहेत. अण्वस्त्रनिर्मितीतला प्लुटोनियमबाधित कचरा १९९९ पासून तिथे पुरला जातोय. कायद्याची अट अशी, की हा धोका पुढच्या दहा हजार वर्षांतल्या माणसांना समजला पाहिजे. बोलायला सोपं! दहा हजार वर्षांपूर्वी जगात एकही लिपी नव्हती. इजिप्तचे पिरॅमिड उभे राहिले त्याला अजून पाच हजार वर्षंही झालेली नाहीत. मधल्या काळात युद्धं होतील, राज्यं बुडतील, कदाचित विज्ञानच विसरलं जाईल. मग कादंबरीतल्यासारखा कुणी भोळा माणूस तिथे खणायला लागला, तर त्याला सांगायचं कसं?

यासाठी भाषातज्ज्ञ, पुराणवस्तुतज्ज्ञ, चित्रकार, लेखक अशा मंडळींना एकत्र बसवण्यात आलं. एकेकाच्या सूचना ऐकल्या तर एखाद्या अद्भुत कादंबरीत शिरल्यासारखं वाटतं. थॉमस सेबिओक या भाषातज्ज्ञाने १९८४ मध्ये सुचवलं, की जाणकारांचा एक पंथच स्थापावा. या ‘अणुपुरोहितां’नी विधी आणि दंतकथांच्या रूपाने त्या जागेची भीती पिढ्यान् पिढ्या जागती ठेवावी. त्याच वर्षी फ्रान्स्वाझ बास्तीद आणि पाओलो फाब्री या दोघांनी तर कमालच केली. किरणोत्सर्गाजवळ जाताच रंग बदलणारी मांजरं निर्माण करावीत आणि मांजराने रंग बदलला की पळा, अशा म्हणी आणि गाणी रूढ करावीत, असा त्यांचा प्रस्ताव!

१९९३ च्या एका अहवालात आणखी कल्पना होत्या. मैलभर पसरलेले दगडी काट्यांचे प्रचंड सुळके उभारावेत, म्हणजे पाहूनच अंगावर काटा येईल. भयाने किंचाळणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं कोरावीत. शेवटी जो आराखडा तयार झाला तो बराच साधा आहे. मातीचा भव्य बांध, ग्रॅनाइटचे खांब आणि त्यांवर सात भाषांतले इशारे. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषा आणि सातवी तिथल्या मूळ रहिवाशांची नाव्हाहो.

पण पाटी लावणंच धोक्याचं ठरलं तर? थडग्यांवर शाप कोरले म्हणून इजिप्तमधले चोर थांबले नाहीत. उलट जिथे एवढा बंदोबस्त, तिथे नक्कीच खजिना असणार, हाच निष्कर्ष काढला गेला. फिनलंडमध्ये ऑनकालो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षं जुन्या खडकात, चारशे मीटरहून खोल बोगदे खणले आहेत. जळून गेलेलं अणुइंधन तिथे कायमचं पुरायचं आहे. त्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. वरती काही खूण ठेवायची की सारं रान वाढू द्यायचं आणि जगाला विसरू द्यायचं, यावर तिथे बराच खल झाला.

गधेगाळीने सांगितलेली गोष्ट

याबाबतीत आपल्या मातीतलाही एक अनुभव सांगण्यासारखा आहे. कोकणात, देशावर, गोव्यात शेताच्या बांधावर किंवा देवळाबाहेर एक प्रकारची उभी शिळा सापडते. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढवाचं चित्र असलेली एक कोरीव शिवी. तिला म्हणतात गधेगाळ. शिलाहार-यादवांच्या काळात राजाने जमीन दान दिली, की हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालेल आणि जो मोडेल त्याच्या घराण्याची अशी विटंबना होईल, हे सांगण्यासाठी ती रोवत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही चित्र पाहून दरारा वाटावा, ही योजना. म्हणजे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जे योजलं, तेच आपल्याकडच्या पाथरवटांनी शतकानुशतकं आधी केलं होतं!

पुढे काय झालं? अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख हा मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक. तोही गधेगाळच. आज त्यातली ओळ वाचायला तज्ज्ञ लागतो आणि त्याच्या सालाबद्दल तज्ज्ञांमध्येही वाद आहेत. इतर ठिकाणच्या गधेगाळींना कुठे शेंदूर फासला गेला, कुठे त्या अशुभ म्हणून टाळल्या गेल्या. कोरणाऱ्याच्या मनातला अर्थ हजार वर्षंसुद्धा टिकला नाही. तिथे दहा हजारांची काय कथा?

मात्र याला अपवादही आहे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाची वाडी १८९६ आणि १९३३ अशा दोन त्सुनामींत वाहून गेली. मागे राहिलेल्यांनी टेकडीच्या उतारावर एक दगड बसवला. या दगडाच्या खाली घर बांधू नका, एवढाच त्याचा आशय. तिथल्या मुलांना तो दगड आणि त्याची गोष्ट लहानपणापासून सांगितली गेली आणि लोकांनी ती पाळलीही. ११ मार्च २०११ रोजी पुन्हा महाकाय लाट आली, दगडाच्या खालीच थांबली आणि वाडीतली घरं वाचली. दगड गधेगाळीचाही होता आणि आनेयोशीचाही. फरक एवढाच, की आनेयोशीत आज्यांनी नातवंडांना त्याची गोष्ट सांगणं थांबवलं नाही.

तीन पात्यांची खूण

किरणोत्सर्गाची जगन्मान्य खूण म्हणजे मधे ठिपका आणि भोवती तीन पाती. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत ती तयार झाली. पण न शिकलेल्या माणसाला ती पंख्याची पाती वाटतात! म्हणूनच २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक जास्तीची खूण आणली. लाल त्रिकोण, त्यात किरण सोडणारी तीच तीन पाती, कवटी आणि दूर पळणारा माणूस. भारतासह अकरा देशांतल्या लोकांना दाखवून ती ठरवण्यात आली. ती यंत्राच्या बाहेर नसते. झाकण उघडून कोणी आतला भाग सोडवायला लागला, की समोर येते. गोयानियातल्या त्या दोन तरुणांसाठीच जणू काढलेली!

याचा अर्थ किरणोत्सर्ग म्हणजे सैतान, असा कोणी घेऊ नये. गोयानियातलं ते यंत्र रोग्यांचा कॅन्सर बरा करण्यासाठीच होतं. दिल्लीत घात करणारं कोबाल्ट-६० आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात शेतकऱ्याच्या कामी येतं. तिथे किरणांची प्रक्रिया झालेला हापूस २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागला. किरणांची प्रक्रिया झाली म्हणून आंबा किरणोत्सर्गी होत नाही. तसंच एक्स-रेच्या मशीनचं बटण बंद केलं की किरणही बंद होतात. धोका असतो तो सीझियम-कोबाल्टसारखा पदार्थ पोटात बाळगणाऱ्या, बेवारस टाकलेल्या यंत्राचा.

म्हणून घरातल्या मुलांना ही तीन पात्यांची खूण एकदा दाखवून ठेवावी. दारावर येणाऱ्या भंगारवाल्यालाही दाखवायला हरकत नाही. कारण गोयानियात आणि दिल्लीतही या संकटाची झळ भंगाराच्या दुकानाला बसली. कुठे जड, शिशाची, अशी खूण असलेली वस्तू दिसली तर हात लावू नये, फोडू नये, इतरांना लांब ठेवावं आणि पोलिसांना कळवावं. पुढचं काम जाणकारांचं.

गोयानियातल्या त्या बाईने अशी कुठलीच खूण पाहिली नव्हती. किरणोत्सर्ग हा शब्दही तिच्या कानावर आला नव्हता. घरात सगळे जण ज्याला चमत्कार म्हणत होते, त्याच्याकडे पाहून तिने फक्त एक साधा प्रश्न विचारला. हे घरात आल्यापासून माझी माणसं आजारी का पडताहेत? तो प्रश्न तिने विचारला नसता, तर ती निळी भुकटी गोयानियातल्या आणखी कितीतरी घरांमध्ये पोहोचली असती.